सूर बरोबर सापडतात, तरी वाजवल्यावर गाणं 'ते' वाटत नाही. रॉक गाणी स्वतः ऐकून गिटारवर उतरवणाऱ्यांनी सांगावं

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटार स्वतःच शिकलो, क्लास लावला नाही. आतापर्यंत नेटवरचे टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं असतं ते) बघून वाजवायचो, पण एकाच गाण्याचे चार टॅब उघडले तर चारही वेगळे निघतात आणि खाली प्रत्येकाला 'एकदम करेक्ट' म्हणणारे लोक असतात. म्हणून या उन्हाळ्यापासून आवडती गाणी स्वतः ऐकून लिहायला लागलो. घरात आजीची पेटी आहे. आधी तिच्यावर सूर शोधतो आणि मग गिटारवर नेतो.

सध्या ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' धरलंय. सुरुवातीचे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) पेटीवर पक्के केले आहेत: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि परत एफ शार्प. प्रत्येकी चार मात्रा. रेकॉर्डबरोबर पेटी वाजवली तर कुठेच खटकत नाही. पण तेच गिटारवर दुसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या दुसऱ्या खान्यात) बी मायनरचा बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं टाकून) धरून एकेक तार छेडत वाजवलं की आवाज जाड आणि बसका येतो. रेकॉर्डमध्ये तो झुळझुळतो, सूर एकमेकांत मिसळत राहतात. शिवाय पहिल्याच कॉर्डमध्ये सगळ्यांच्या वर एक बारीक डी ऐकू येतो. तो मला पहिल्या तारेवर दहाव्या फ्रेटला सापडला, पण तिथे बोट नेलं तर खालचा कॉर्ड सुटतो. तिथे दुसरी गिटार आहे का?

आणखी दोन गोष्टी. सोलोमध्ये तार ओढून जो सूर चढवतात तो कागदावर कसा लिहायचा? आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये गाणं हळू केलं की सूरही खाली उतरतो, मग पेटीशी जुळत नाही. त्याला काय करायचं?

मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, व्हिडिओ बघ आणि वाजव. पण कानानं काढलेली एक ओळसुद्धा विसरत नाही, हे मला या दोन महिन्यांत कळलंय. त्यामुळे आता मागे जायचं नाही.

राजवाडा_बास

भिया, इंदूरहून लिहितोय. मी बास वाजवतो, त्यामुळे माझं उत्तर खालून सुरू होणार.

आधी हळू करण्याचं. ऑडॅसिटीत 'चेंज स्पीड' आणि 'चेंज टेम्पो' असे दोन वेगळे इफेक्ट आहेत. स्पीड निम्मा केला की सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. टेम्पो बदलला की सूर जागेवर राहतो, फक्त लय उतरते. तुला टेम्पो हवाय. फार खाली मात्र जाऊ नकोस. निम्म्याच्याही खाली गेलास की तार छेडल्याचा पहिला क्षण पसरट होतो आणि सूर नेमका कुठे सुरू झाला तेच कळेनासं होतं. मी सहसा सत्तर टक्क्यांवर थांबतो.

दुसरं म्हणजे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून काही लिहू नकोस. बासची सर्वांत जाड मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झची असते, गिटारची ८२ हर्ट्झची. तो छोटा स्पीकर ४१ हर्ट्झ बाहेर काढूच शकत नाही. तुला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे पदर, आणि तू एक सप्तक वरचा सूर लिहून मोकळा होतोस. साधे का होईना, हेडफोन लाव. बास तरीही धूसर वाटला तर 'चेंज पिच'ने सगळं गाणं बारा अर्धस्वर वर ने. बास गिटारच्या टापूत येतो आणि लख्ख ऐकू येतो. बास आधी लिहिला की निम्मे कॉर्ड तिथेच ठरतात.

निम्मेच म्हणतोय, कारण खालचा सूर म्हणजे कॉर्डचं नाव असं दर वेळी नसतं. लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टु हेवन'ची (१९७१) सुरुवात घे. तिथे बास गिटार नाहीच. गिटारच्याच चौथ्या तारेवर सात, सहा, पाच, चार, तीन अशी बोटं अर्ध्या-अर्ध्या सुरानं उतरतात आणि वरच्या तारांवर वेगळंच काही चाललेलं असतं. याला कॉर्डची नावं देत बसलास तर लांबलचक आणि निरुपयोगी नावं तयार होतील. दोन पदर वेगळे लिही, खालचा आणि वरचा. मग वाचायला सोपं जातं.

बारीक डीबद्दल मला अंदाज आहे, पण ते गिटारवाल्यांनी सांगावं.

सुरसागरकाठी

मांजलपूरकर, तुझे सूर बरोबर आहेत हे आधी सांगतो, म्हणजे त्यावर पुन्हा वेळ घालवू नकोस. तुला अजून हात सापडलेला नाही.

पेटीवर एका सुराला एकच पट्टी असते. गिटारवर तसं नसतं. पहिली तार मोकळी सोडलीस की जो ई मिळतो, तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तिसऱ्या तारेवर नवव्या, चौथ्या तारेवर चौदाव्या आणि पाचव्या तारेवर एकोणिसाव्या फ्रेटला आहे. सूर तोच, पण पाचही ठिकाणी आवाज निराळा. बारीक मोकळ्या तारेचा ई काचेसारखा येतो आणि जाड तारेवर वर धरलेला ई भरीव आणि गोल येतो. पेटीवर तू सूर शोधलास तेव्हा ही सगळी माहिती गळून पडली. गाणं उतरवायचं म्हणजे वाजवणाऱ्याचा हात त्या क्षणी कुठे होता ते शोधायचं. मी नोकरी सांभाळून रात्री हेच करत आलोय आणि यातली गोडी अजून कमी झालेली नाही.

आता तुझं गाणं. रेकॉर्डवर ती बारा तारांची गिटार आहे आणि सातव्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावलेला आहे. ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डर यानं ती चाल मुळात ई मायनरमध्ये बांधली होती, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन. गायकाच्या गळ्यासाठी ती पांढरी सातमध्ये न्यावी लागली. पांढरी तीनपासून पांढरी सातपर्यंत मोजलंस तर सात अर्धस्वर होतात, म्हणून कॅपो सातव्या फ्रेटला. तेव्हा हाताचे आकार बी मायनर वगैरे नाहीतच. ते आहेत ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. या आकारांत कितीतरी तारा मोकळ्या राहतात. मोकळी तार बोट उचललं तरी वाजत राहते, म्हणून ते झुळझुळतं. बार कॉर्डमध्ये सहाही तारा बोटाखाली असतात, हात सरकला की सगळ्यांचा आवाज एकदम तुटतो.

आणि तो बारीक डी. बारा तारांच्या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. पहिल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात, पण खालच्या चार जोड्यांत एक तार नेहमीच्या सुरात आणि दुसरी बारीक तार एक सप्तक वर. यात तिसऱ्या जोडीची बारीक तार सगळ्या गिटारीत उंच लागते, पहिल्या तारेपेक्षाही वर. मोकळी असताना ती जी देते, सातव्या फ्रेटला कॅपो लावल्यावर डी देते. हाच तुझा डी. तो वाजवायला वेगळं बोट लागतच नाही, तिसरी जोडी छेडली की आपोआप येतो. दुसऱ्या गिटारीचा शोध थांबव. सहा तारांच्या गिटारवर तो मिळणार नाही, तरी कॅपो लावून वाजव आणि वहीत तो डी कंसात लिहून ठेव. जे ऐकलं ते लिहायचंच, वाजवता येवो न येवो.

हात शोधायच्या खुणा कुठल्या, ते सांगतो. दोन सूर एकमेकांवर रेंगाळत असतील तर ते नक्की दोन वेगळ्या तारांवर आहेत, एका तारेवर ते शक्यच नाही. पहिला सूर दुसरा सुरू होताना कापल्यासारखा बंद होत असेल तर बहुधा तार एकच. दुसऱ्या सुराला पिकचा (तार छेडायच्या पातीचा) टक् असा आघात नसेल तर तो डाव्या हाताच्या बोटानं ठोकून किंवा ओढून काढलेला आहे, तेव्हा तोही त्याच तारेवर. जाड, पीळ दिलेल्या तारांवरून बोटं सरकताना करकर येते. ती करकर ज्या दोन कॉर्डच्या मध्ये ऐकू येते, तिथे हात लांब गेला. रेकॉर्डिंग चांगलं असेल तर ही करकर मला सुराइतकीच उपयोगी पडते.

मग सर्वांत खालचा सूर शोध. नेहमीच्या लावणीत ईच्या खाली गिटार जाऊ शकत नाही. गाण्यात त्याच्याही खालचा सूर सापडला तर तारा वेगळ्या लावलेल्या आहेत. गन्स एन रोझेसची बरीच गाणी अर्धा सूर खाली, म्हणजे काळी दोनवर लावलेल्या गिटारची आहेत. ती नेहमीच्या लावणीत काढायला गेलास तर सगळे आकार वेडेवाकडे होतात आणि मोकळ्या तारा हातातून जातात. लेड झेपलिनच्या 'कश्मीर'मध्ये (१९७५) तर तारा डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावलेल्या आहेत. तिथे तारा तशा लावल्याशिवाय हात सापडणं अशक्य.

एक जुनी गोष्ट सांगतो, अजूनही कामाची आहे. आम्ही कॅसेटवरून उतरवायचो तेव्हा गाणं पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळायचं नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळायचं. दोष टेपच्या वेगाचा असायचा. टू-इन-वन उघडलं की मोटरच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्यात घड्याळजीचा स्क्रू-ड्रायव्हर घालून केसभर फिरवला की वेग बदलतो. मी कॅसेट चालू ठेवून एका हातानं पेटी आणि दुसऱ्या हातानं तो स्क्रू, असं करून सूर मिळवायचो. आजही जुनी रेकॉर्डिंग पूर्णपणे ४४० हर्ट्झला (आजच्या ठरलेल्या ए सुराला) जुळतीलच असं नाही. तेव्हा सूर मध्येच लोंबकळत असेल तर आपल्या कानावर संशय घेण्याआधी 'चेंज पिच'मध्ये थोडं वरखाली करून गाणं पेटीशी मिळवून घे. पुढचं सगळं काम सोपं होतं.

लिहिण्याची पद्धत. मी शाळेतली चौकटीची वही वापरतो, एक चौकट म्हणजे अर्धी मात्रा. वरच्या ओळीत पेननं सरगम, खालच्या ओळीत पेन्सिलनं तार आणि फ्रेट. पेन्सिल का, तर सूर एकदा पक्का झाला की बदलत नाही, पण हाताची जागा महिन्यानं परत ऐकल्यावर बदलू शकते. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देतो, डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' (१९७२). सा म्हणजे जी, पांढरी पाच.

सूर: सा ग॒ म । सा ग॒ म॑ म । सा ग॒ म ग॒ सा
तिसरी तार: ० ३ ५ । ० ३ ६ ५ । ० ३ ५ ३ ०
चौथी तार: अगदी तेच फ्रेट

चौथ्या तारेमुळे प्रत्येक सुराखाली त्याचा खालचा पंचम वाजतो, साच्या खाली मंद्र प. बऱ्याच टॅबमध्ये हे जाड तारांवर नेहमीचे पॉवर कॉर्ड (नुसते सा-प) म्हणून लिहिलेलं असतं. त्यात सूर चुकत नाहीत, पण आवाज फुगतो. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ते पिकनं मारत नाही, दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो. पिकनं मारलं तर एक तार आधी आणि दुसरी कणभर नंतर वाजते, बोटांनी दोन्ही एका क्षणी वाजतात. इतका लहान फरक आणि सगळा रुबाब त्याच्यात आहे. लयीतही एक जागा बघ. पहिला तुकडा समेवर सुरू होतो, पण दुसऱ्या तुकड्याचा सा चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात येतो. तो पुढच्या समेवर लिहिलास की गाणं खाली बसतं. चौकटीच्या वहीत हा फरक लगेच दिसतो, म्हणून ती वही.

तार ओढण्याचं: भातखंडे यांच्या स्वरलिपीत मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) दोन सुरांवर कमानीसारखा कंस काढतात, मी तोच काढतो आणि खालच्या ओळीत कुठल्या फ्रेटवरून ओढली ते लिहितो. 'म'पासून 'प'पर्यंत ओढली असेल तर वर म आणि प त्या कमानीखाली, खाली फक्त मच्या फ्रेटचा आकडा आणि वर जाणारा बाण. हात मच्याच फ्रेटवर आहे, पला कोणी बोट लावलेलं नाही, हे कागदावर दिसायला हवं. उलट प्रकारही असतो. तार आवाज न करता आधीच ओढून ठेवायची, मग छेडायची आणि सोडत खाली यायचं. सतारीवर उतरती मींड अशीच घेतात. ती ओळखायची खूण म्हणजे आघात वरच्या सुरावर येतो. तिथे मी बाण खाली काढतो. अर्धा सूर ओढली की पूर्ण, की त्याहून जास्त, हे पेटीवर शेवटचा सूर मिळवूनच लिही. ओढलेली तार बरेचदा सुराच्या किंचित खालीच थांबवलेली असते आणि तीच त्या वाजवणाऱ्याची ओळख असते. तिथे मी बाजूला 'जरा उतरा' असं चक्क शब्दांत लिहितो.

संवादिनी

मी दांडिया बाजारात पेटी आणि गायन शिकवते. रॉक संगीत माझं नाही, मुलगा ऐकतो तेवढंच कानावर पडतं. पण सुरसागरकाठी यांनी सरगम वापरलेली बघून लिहावंसं वाटलं. आपल्या बडोद्यात गाणं लिहून ठेवायची परंपरा जुनी आहे. मौलाबक्ष यांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली तेव्हा त्यांची स्वतःची स्वरलिपी होती आणि मुलांना ती शिकवली जायची. पुढे १९१६ साली भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. तेव्हा मांजलपूरकर, तुम्ही जे करताय ते आपल्या गावाला शोभतंच.

शिकवणारी म्हणून दोन गोष्टी सांगते. मुलगा ऐकतो त्या गाण्यांत ड्रमचा मोठा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. ठेक्यावर वाढलेला कान मोठ्या ठोक्याला सम समजतो. तसं झालं की पूर्ण गाणं एका मात्रेनं सरकतं आणि प्रत्येक सूर चुकीच्या चौकटीत जाऊन बसतो. माझ्या दोन विद्यार्थिनींनी मुलाबरोबर असं एक गाणं लिहिलं तेव्हा नेमकं हेच होत होतं. आधी गाणं न लिहिता हातावर मात्रा मोजा, कॉर्ड कुठे बदलतो ते बघा. कॉर्ड बहुतेक वेळा पहिल्या मात्रेवर बदलतो, ती तुमची सम.

आणि लिहिण्याआधी ओळ गाऊन बघा. मोठ्यानं, सरगममध्ये. जी ओळ गळ्यातून नीट निघत नाही ती तुम्ही अजून ऐकलेलीच नाही. पेटीवर चाचपडून एकेक सूर मिळवला तर सूर मिळतात, पण ओळ मिळत नाही.

एक शंका मलाही आहे. आपल्याकडे सा ठरला की ठरला. या गाण्यांत तर कॉर्ड सारखे बदलतात. मग सरगम पुरते का?

सुरसागरकाठी

संवादिनीताई, समेचं तुम्ही सांगितलंत ते मी लिहायलाच हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

सरगम पुरते, फक्त सा हलवायचा नाही. गाण्याचा जो मुख्य सूर असेल तोच शेवटपर्यंत सा धरायचा आणि कॉर्डचं नाव चौकटीच्या वर वेगळं लिहायचं. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चाच बास घ्या, सा म्हणजे पांढरी सात: सा, प, नि॒, म, ध॒, ग॒, म, प. हे वाचून वाटेल की नि आणि ध दोन्ही कोमल. पण आतले सूर बघा. दुसऱ्या कॉर्डमध्ये, म्हणजे एफ शार्पमध्ये, निषाद शुद्ध आहे आणि लगेच तिसऱ्या कॉर्डमध्ये कोमल. चौथ्या कॉर्डमध्ये धैवत शुद्ध आणि पाचव्यात कोमल. शेवटून दुसरा कॉर्ड परत मध्यमावरच आहे, पण या वेळी तो मायनर, म्हणून धैवत कोमलच राहतो. एका आवर्तनात दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत आलटून-पालटून येतात. त्या चालीची सगळी ओढ मला तरी त्यातच वाटते. नुसती कॉर्डची नावं लिहिली तर हे डोळ्यांना दिसत नाही, सरगममध्ये कोमलाच्या रेघा येतात आणि जातात त्या दिसतात. म्हणून टॅब सर्रास मिळत असतानाही मी वरची ओळ सोडत नाही.

मांजलपूरकर

काका, ताई, इंदूरवाले दादा, तिघांचे आभार. कॅपो मित्राकडून आणला. सातव्या फ्रेटला लावून ई मायनर धरला आणि पहिल्या चार मात्रांतच घरातले सगळे बाहेर आले. आजी म्हणाली, आता पेटीपेक्षा बरं वाटतंय. दुसऱ्या कॉर्डचा शुद्ध निषाद मी आधी नुसता वाजवत होतो, आता गाऊन बघितला तर तो कसा वर ओढतो ते कळलं. मोठ्या ठोक्याची गंमतही बरोबर निघाली. माझ्या वहीत एक दुसरं गाणं होतं ते पूर्ण एका मात्रेनं सरकलेलं होतं, ते आज परत लिहिलं.

आता शेवटाकडे पोचलोय. तिथे दोन गिटार एकत्र वाजतात. वरची ओळ येतेय, खालची हातातून निसटते. वरच्या ओळीच्या खाली ठरावीक अंतरावर सूर ठेवत गेलो तर काही ठिकाणी जुळतं, काही ठिकाणी साफ विसंगत वाटतं. शिवाय डिस्टॉर्शनच्या (गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो त्या) काही जागी मला खूप खाली एक सूर ऐकू येतो, बास तर तिथे दुसरंच वाजवतोय.

आणि पूर्ण झाल्यावर हे नेटवर टाकलं तर चालेल का? वर्गातली मुलं मागतायत.

लष्कर_ग्वाल्हेर

शेवटच्या प्रश्नापुरतं लिहितो. स्वतःसाठी लिहून ठेवायला काही अडचण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी सवलत आहे. जाहीरपणे सगळ्यांसाठी टाकणं ही वेगळी गोष्ट. १९९२ मध्ये सुरू झालेलं 'ऑन-लाइन गिटार आर्काइव्ह' नावाचं टॅबचं मोठं भांडार होतं, हौशी लोकांनी कानानं काढून दिलेल्या टॅबचं. संगीत प्रकाशकांच्या संघटनांनी कायदेशीर इशारे दिल्यावर २००६ मध्ये ते बंद झालं. आता मोठ्या टॅबच्या साइट प्रकाशकांकडून परवाने घेतात. वर्गातल्या मित्राला शेजारी बसवून शिकव, त्यात जास्त मजा आहे.

सुरसागरकाठी

आजींना माझा नमस्कार सांग.

खालच्या ओळीचं. ठरावीक अंतर ठेवून ती मिळणार नाही, कारण त्या जागी दोन्ही गिटार कॉर्डचेच सूर उलगडून वाजवतायत. बी मायनरचे सूर बी, डी, एफ शार्प. वरची एफ शार्पवर असेल तर खालची डीवर, वरची डीवर उतरली की खालची बीवर, वरची बीवर आली की खालची खालच्या एफ शार्पवर. पहिली दोन अंतरं जवळची आहेत, तिसरं मोठं. तू अंतर कायम ठेवलंस म्हणून तिसऱ्या जागी बिघडलं. तेव्हा आधी कॉर्ड लिही, त्याचे तीन सूर चौकटीच्या वर लिहून ठेव आणि खालच्या ओळीला त्या तिनांतला वरच्याच्या लगेच खालचा सूर देऊन बघ. मग ऐकून खात्री कर. अंदाजानं भरलेला सूर पेन्सिलनं लिही, ऐकून पटल्यावरच पेन. हेडफोनचा एक-एक कान काढूनही ऐक. रेकॉर्डिंगमध्ये दोन वाद्यं डावी-उजवीकडे वाटलेली असतील तर खालची ओळ एकदम मोकळी होऊन समोर येते. गाण्यातून वाद्यं वेगळी काढून देणारी सॉफ्टवेअर आता मिळतात, तीही वापर, पण दोन गिटार एकमेकींपासून वेगळ्या करायला ती बरेचदा अपुरी पडतात. तिथे कानच लागतो.

खूप खालचा सूर ऐकू येतो तो खरा आहे, पण कोणी वाजवलेला नाही. सा आणि प एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा आणखी एक सूर तयार होतो. सा-पचं प्रमाण २:३ असतं, फरक उरतो १ चा, म्हणजे साच्या खालच्या सप्तकातला सा. तानपुऱ्यातून जसा न छेडलेला गंधार ऐकू येतो, तसाच हा अँप्लिफायरमधून येतो. त्याला तार आणि फ्रेट शोधू नकोस. खालची ओळ रिकामी ठेव, वरच्या ओळीत सा कंसात लिही. एखाद्या जागी तो सूर सा-पला सोडून भलताच लागत असेल तर मात्र कॉर्ड परत तपास, तिथे पॉवर कॉर्ड नसून दुसरंच काहीतरी धरलेलं असतं. ती फार उपयोगी खूण आहे.

नवरात्र तोंडावर आलंय. आमच्या बाजूला गरब्याचे स्पीकर लागले की रात्री हेडफोनमध्येही बास ऐकू येत नाही, तेव्हा बासचं आणि त्या खालच्या सुरांचं काम आधी उरकून घे. वरच्या ओळी गोंगाटातही लिहिता येतात. पुढचं पान झालं की इथे कळव, आणि शेवटच्या आठ कॉर्डमध्ये कुठल्या जागी अडलास ते चौकटीच्या नंबरासकट लिही, म्हणजे मीही तेवढीच जागा ऐकून सांगीन.